अम्मी, ऑर्किड आणि गरम चिखल

फिजीतल्या नांदीजवळ आम्ही अर्धा दिवस फिरलो. झोपलेल्या राक्षसासारख्या दिसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी हॉलिवूडचे अभिनेते रेमंड बर यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली ऑर्किडची बाग आहे. तिथल्या सावलीत अम्मी खूश झाली.

पुढे साबेटोला ज्वालामुखीचा चिखल अंगाला फासायचा, उन्हात वाळवायचा, मग कुंडात उतरून धुवायचा. स्त्री-पुरुष एकत्र, म्हणून अम्मी दूर जाऊन बसली. आमचाही उत्साह मावळला. १८७९ पासून इथे आलेल्या गिरमिटियांच्या वंशातले आमचे टॅक्सीवाले चाचा मुकाट्याने उठले आणि बादलीभर चिखल घेऊन आले. अम्मीने हातापायांना लावला, हसली.

सहलीत सगळ्यांनी सगळं करायलाच हवं असं नाही. कुणी एकटं पडू नये, एवढं मात्र आपण पाहावं.