गाडी थंड असतानाच बघा

जुनी गाडी बघायला निघालात की आधी मालकाला फोन करा आणि सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर चहाच्या आधी बॉनेटला हात लावा. गाडी सावलीत असून बॉनेट कोमट लागलं, तर कुणीतरी तुमच्यासाठी ती तापवून ठेवलीय असं धरा. तापलेलं डिझेल इंजिन आपली खोड झाकतं, खरं दुखणं पहिल्या सेल्फला कळतं. हे मी पैसे मोजून शिकलो. भर दुपारी अर्ध्या सेल्फला उठलेली गाडी घरी आणली आणि डिसेंबरातल्या पहाटे ती ढकलायला गल्लीतली चार माणसं उठवावी लागली.

जामखेडकरांनो, उडीद-तुरीचे पैसे हातात आले की आपल्याकडं गाडीचा विषय निघतोच. त्यात हौस कमी, नड जास्त. तालुक्यात रेल्वे नाही, नगर पाऊणशे किलोमीटर, आणि माणसाचं दुखणं वेळ बघून येत नाही. जवळ दीड-दोन लाख असतात. तेवढ्यात जी मिळते ती बहुधा एमएच १२ नाहीतर एमएच १४ पासिंगची, दहा-बारा वर्षांची, आणि मीटरवर मात्र ७० हजार.

त्या आकड्यावर जाऊ नका. डिजिटल मीटरही लॅपटॉप लावून मागं घेता येतो. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंग चकाकतंय का, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलीय का, ते बघा. ७० हजारांत एवढी झीज होत नाही. सर्व्हिसची जुनी बिलं मागा, दर बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात. टूरिस्ट पासिंगवरून खाजगी केलेली गाडी आहे का, हे स्पष्ट विचारा. कंपनीला लावलेली गाडी दिवसाला २०० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस पळाली तर वर्षाचे ६० हजार होतात, पाच वर्षांत तीन लाख.

तरी जास्त रनिंगची गाडी वाईटच, असं मी म्हणणार नाही. हायवेला एका दमात पळून दीड लाख झालेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी मी डोळे झाकून पसंत करीन. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत ऐंशी हजार झालेलीला मात्र दहादा तपासीन.

आता आपल्याकडचं खास दुखणं, पाणी. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतायची सवय घरोघरी आहे. त्यातले क्षार आत साठतात, पाण्याच्या वाटा बुजतात, उन्हाळ्यात गाडी तापते आणि एक दिवस हेड गॅस्केट जातं. मग हेड उतरवा, मशीनिंग करा, आणि गाडी पंधरा दिवस गॅरेजला. हे आधी ओळखता येतं. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल. आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट दिसलं तर बरं, तांबडं गढूळ पाणी दिसलं तर सावध व्हा. ऑइलचं झाकण काढून खाली बघा. दुधाच्या चहासारखा फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं, मिस्त्रीनं खात्री केल्याशिवाय पुढं बोलू नका. मग एसी लावून, माणसं बसवून गाडी सौताडा घाटात चढवा आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा. सपाट रस्त्यावर प्रत्येक गाडी गुणीच असते.

सायलेन्सरमागं एक माणूस उभा करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर असेल तर नोझल, फिल्टर किंवा टर्बोकडं बोट जातं. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. नुसतं घुरघुरत राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. बुश, लिंक रॉड, शॉकअप ही आपल्या रस्त्यांची पट्टी आहे, ती आज ना उद्या भरावीच लागते. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. टोकाला वाळलेला गाळ दिसला तर ती गाडी पुरात होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापुरात गाड्या बुडाल्या होत्या. बुडालेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल, सांगता येत नाही.

स्वस्त मिळते म्हणून कुठलीही उचलू नका. शेवरलेनं २०१७ अखेर आपल्याकडची विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. गाड्या मजबूत असतील, पण पार्टसाठी कुणाला पुण्याला पाठवायचं? जिचा पार्ट आपल्या पेठेत मिळतो आणि जी आपल्या मिस्त्रीच्या हातातली आहे, ती घ्या. गाडी बघायला त्याला सोबत न्या, त्याच्या दिवसाचे पैसे द्या, आणि किंमत ठरवताना त्यानं काढलेला खर्च त्यातून वजा करायला सांगा. सगळे पैसे गाडीतच घालू नका; लाखामागं वीस हजार पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

विकणाऱ्यांनाही एक सांगायचंय. टीटी फॉर्मवर सही करून दिली म्हणजे सुटलो, असं समजू नका. कायद्यानं तुम्ही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती, अपघात २००९ मध्ये झाला, आणि आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. तेव्हा बँकेचा बोजा उतरवा, चलनं भरा, आणि ट्रान्सफरच्या अर्जाची पावती हातात पडेपर्यंत दुसरी चावी घरातच ठेवा.