ॲम्पचा स्टँड विकताय? लाकडाचं कौतुक जरा कमी करा

घरच्या गिटार ॲम्पसाठी लाकडी स्टँड बनवून विकायचा विचार असेल, तर माझं स्पष्ट मत सांगतो. 'अस्सल सागवान, हाताने बनवलेला' एवढ्यावर गिऱ्हाईक पैसे देत नाही. त्याची अडचण वेगळीच आहे. ॲम्प जमिनीवर ठेवला की बास घुमतो आणि आवाज कानाऐवजी गुडघ्यांकडे जातो. म्हणून तो उचलून थोडा मागे कलता ठेवायचा. तुम्ही विकताय ते हे.

त्यामुळे ऑर्डर घेताना ॲम्पचं मॉडेल विचाराच. फेंडरचा ब्लूज ज्युनियर साधारण 14 किलोचा. तो मागे कलला की तोल बदलतो, म्हणून स्टँडचे मागचे पाय पुरेसे मागपर्यंत हवेत. ॲम्प टेकतो तिथे रबर लावा. नाहीतर एखाद्या सुराला स्टँडच खडखडतो, आणि रिव्ह्यूत नेमकं तेच येतं!

आता किंमत. धरा, लाकूड-पॉलिश 1100 रुपये. तुमचे 6 तास, तासाला 150 प्रमाणे 900. झाले 2000. पॅकिंग, कुरिअर, नफा अजून बाकीच. तरी लोक 1800 ला देऊन टाकतात, का तर 'घरचंच काम आहे'. अहो, घरचं असलं तरी तास तुमचेच जातात ना? 1800 लाच हवा म्हणणाऱ्याला सरळ बाजारातला लोखंडी फोल्डिंग स्टँड घ्यायला सांगा.