सहा गोळ्या पुरेत

आत्मसंरक्षणासाठी शस्त्र परवाना हातात पडला की पुढचा प्रश्न ठरलेला: रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल? सल्ला देणारे चहूबाजूंनी भेटतात आणि हल्ली बहुतेकांचा कौल पिस्तुलाकडे असतो. रिव्हॉल्व्हर म्हणजे इंग्रजी अमलातल्या फौजदाराच्या कमरेचे हत्यार, आता त्याची जागा संग्रहालयात, असे ते ठासून सांगतात. माझे मत नेमके उलटे आहे. वर्षाकाठी मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्या आपल्याकडच्या सामान्य परवानाधारकाने रिव्हॉल्व्हरच घ्यावे. मात्र पिस्तूलवाल्यांची बाजू पोकळ नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

ते म्हणतात, पिस्तुलात गोळ्या अधिक मावतात. त्या संपल्या तर दुसरे मॅगझिन दोन-तीन सेकंदांत चढते. रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा उचलत उचलत मागे येतो, म्हणून तो जड आणि लांब असतो. पिस्तुलाचा चाप हलका, त्यामुळे नेम चांगला लागतो. आणि इतिहासाचा दाखला असतोच: अमेरिकेतल्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर टाकून पिस्तूल धरले, ते उगीच का?

हा दाखला बहुधा 11 एप्रिल 1986 च्या मायामीतल्या चकमकीपाशी येऊन थांबतो. दोन दरोडेखोरांना अडवायला एफबीआयचे आठ जण गेले. त्यातले दोन ठार आणि पाच जखमी झाले. बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर होते आणि जखमी हाताने ते पुन्हा भरणे अशक्यप्राय ठरले, हे खरेच आहे. पण एफबीआयने ज्या गोळीला सर्वांत जास्त दोष दिला, ती मुख्य हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडेच थांबली होती, आणि ती सुटली होती 9 मिलिमीटरच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलातून! शिवाय त्या हल्लेखोराच्या हातात रायफल होती. रायफलीसमोर कमरेचे हत्यार तोकडे पडते, हा मायामीचा खरा धडा. पिस्तूलवाल्यांनी त्यातून सोयीचे तेवढेच उचलले.

तरी मानू या, की पोलिसांना पिस्तूलच हवे. पोलीस गुन्हेगाराचा पाठलाग करतो, दार फोडून आत जातो, चकमक संपेपर्यंत तिथून हलू शकत नाही. घरमालकाचे काम याच्या उलट आहे. त्याला कोणालाही पकडायचे नाही. हल्लेखोर मागे हटला, की त्याचे काम संपले. दोघांची कामे वेगळी असताना हत्यार एकच का असावे?

आता गोळ्यांची संख्या. पंधरा-सतरा गोळ्यांचे मॅगझिन हे वर्णन 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाचे. आपल्याकडे तो बोअर प्रतिबंधित आहे; सामान्य परवान्यावर तो मिळत नाही. परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .32 येतो. देशी कारखान्याच्या .32 पिस्तुलात सात-आठ गोळ्या, कानपूरच्या कारखान्यातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा. परदेशी बनावटीची काही .32 पिस्तुले अधिक गोळ्या घेतात, पण त्यांची किंमत ऐकून बहुतेक जण दुकानातून परततात. दोन्हींची काडतुसे वेगळी असली तरी जोर साधारण सारखाच आणि 9 मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे ज्या वादात इकडची मंडळी हिरिरीने उतरतात, तो अमेरिकेतल्या दुकानातला वाद आहे. इथे फरक उरतो एक-दोन गोळ्यांचा.

जास्त गोळ्या म्हणजे जास्त सुरक्षा, हे समीकरणही तपासायला हवे. न्यूयॉर्क पोलिसांना 1993 मध्ये पिस्तुले मिळू लागली. फेब्रुवारी 1999 मध्ये तिथल्या चार पोलिसांनी अमादू दियालो या निःशस्त्र तरुणावर, अगदी जवळून, 41 गोळ्या झाडल्या. त्यातल्या 19 लागल्या, 22 इकडेतिकडे गेल्या. ही प्रशिक्षित माणसांची गत. मुंबईच्या चाळीत किंवा पुण्याच्या सोसायटीत एका भिंतीपलीकडे शेजाऱ्याची खाट असते. तिथे हुकलेली प्रत्येक गोळी कोणाच्या तरी घरात जाते. तिथे शिलकीतल्या गोळ्यांपेक्षा भान जास्त कामाचे.

हलक्या चापाचा मुद्दा मात्र मी अर्धा मान्य करतो. जड चापाने नेम हलतो, यात शंका नाही. पण घरातली झटापट होते ती खोलीच्या अंतरावर, पंचवीस मीटरवर नव्हे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, ते हजारो गोळ्यांच्या सरावावर. ज्याच्यापाशी तो सराव नाही, त्याच्या थरथरत्या बोटाखाली हलका चाप हा धोका असतो. जड चाप मुद्दाम ओढावा लागतो. त्या क्षणी तोच शेवटचा विचार करायला लावतो.

रिव्हॉल्व्हरच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही’ हे खोटे आहे. ते क्वचित अडते, पण अडले की कारागिराकडेच न्यावे लागते. ‘रिव्हॉल्व्हर आपोआप उडत नाही’ हे तर साफ चूक. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि ती त्यांच्याच पायात घुसली. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची रीत होती, ती याच भीतीपोटी. 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्याने सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा ते बायकांचे हत्यार म्हणून गाजवले गेले. हाही युक्तिवाद मला पटत नाही. प्रश्न बाईचा की पुरुषाचा नाही, सरावाचा आहे.

माझा मंडनपक्ष इथूनच सुरू होतो. हत्यार कपाटातून काढल्यापासून गोळी सुटेपर्यंत माणसाला किती गोष्टी आठवाव्या लागतात, ही माझी कसोटी. पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी ठेवली, तर घरात कायमचा धोका. नाही ठेवली, तर ऐन वेळी दोन्ही हातांनी स्लाइड ओढायची. तेव्हा एक हात दाराला रेटा देण्यात किंवा मुलाला मागे सारण्यात गुंतलेला असू शकतो. मग सेफ्टी उघडायची. मनगट सैल राहिले तर रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा स्लाइड ओढायची. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा. सिलिंडर फिरतो, पुढची गोळी समोर येते.

रिकामे करतानाही तेच. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, या समजुतीने किती घरांत अनर्थ घडले! चेंबरमधली एक गोळी मागे राहते आणि दिसत नाही. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे डोळ्यांसमोर येतात. अडाण्यालाही मोजता येतात.

गोळी मोजूनच झाडावी, हीच कायद्याचीही दृष्टी आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 37 सांगते, की बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर बचावाचा हक्कच उरत नाही. खटल्यात प्रत्येक गोळीचा जाब द्यावा लागेल. सहावीचे उत्तर देताना ज्याची दमछाक होईल, त्याने आठवीची हौस धरू नये.

म्हणून माझा पक्ष अटीसह मांडतो. जो महिन्यातून एकदा तरी रेंजवर जातो, अडलेले पिस्तूल डोळे मिटून मोकळे करू शकतो, त्याने खुशाल पिस्तूल घ्यावे. त्याच्याशी माझे भांडण नाही. इतरांनी पिस्तुलाचे गुणगान करण्याआधी आपली सरावाची वही उघडावी. ती कोरी असेल, तर वादही संपला आणि निवडही झाली.