मुक्काम हरवला, पोस्ट सापडलं!

पत्र लिहिणारे आता आपल्यात कोणी उरलेले नाहीत. तरी 'मु. पो.' ही दोन अक्षरं अजून लग्नपत्रिकांवर, बँकेच्या पासबुकावर आणि आपल्या ॲडमिशन फॉर्मवर दिसतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्यासाठी पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर, लेन, सिटी आणि पिन. 'मु. पो.' म्हणजे मुक्काम आणि पोस्ट, हे मला आजीने समजावलं. माणूस राहतो तो मुक्काम. त्याचं पत्र जिथे येऊन पडतं ते पोस्ट. दोन्ही एकच असतील असं नाही. आमच्या आजोळी मुक्काम एका वाडीत आणि पोस्ट पलीकडच्या गावात. मधे एक ओढा, एक चढ आणि सायकलवरचा पोस्टमन.

सगळा लेख या एवढ्याशा फरकावर आहे. पत्त्यातला सहा आकडी पिन कोड हा 'पो.'चा आहे, 'मु.'चा नाही. आणि आपण मात्र मोबाईलच्या मॅपमध्ये तोच टाकतो आणि मुक्कामाला पोचायची अपेक्षा करतो!

आधी थोडा इतिहास, आणि तोही आपल्या घरचा. भारतात पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याची कल्पना राबवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर. मराठी माणूस, संस्कृतचे पंडित आणि कवी. वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळ्या लिप्या आणि एकाच नावाची ढीगभर गावं! अशा देशात टपाल वेगळं करणाऱ्या माणसाला गावाचं नाव वाचता आलं नाही तरी चालावं, म्हणून हे सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल वेगळं करण्याचा जिल्हा ठरतो. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. मुंबईकर त्याआधी 'दादर, मुंबई २८' असं लिहायचे, तेच पुढे ४०००२८ झालं.

म्हणजे ही रचना टपालाच्या सोयीची आहे, प्रवाशाच्या नाही. मिरजेचा पिन ४१६४१० आणि मालवणचा ४१६६०६. दोघांचे पहिले तीन आकडे सारखे, मधे अख्खा सह्याद्री! टपालाच्या गाडीला त्याचं काही वाटत नाही, पण रात्री बाईकवरून निघालेल्याला वाटतं. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखांहून जास्त आहेत आणि पिन कोड एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे एका पिनच्या पोटात सरासरी सात-आठ पोस्ट ऑफिसं, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात कितीतरी वाड्या-वस्त्या. एवढ्या मोठ्या टोपलीतून एक घर शोधायला सांगितलं तर ॲप तरी काय करणार?

ॲप काय करतं ते बघू, कारण गंमत तिथेच आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. विकिपीडिया जसा लोकांनी लिहिला, तसा हा नकाशा लोकांनी काढला. ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमँड अशी नेट नसतानाही चालणारी ॲप्स याच नकाशावर चालतात. ट्रेकिंगवाल्यांना विचारा. या नकाशात पिन कोड आपोआप येत नाही. एखाद्या इमारतीवर कुणीतरी 'हिचा पिन अमुक' अशी नोंद करावी लागते. त्या नकाशाचं शोधयंत्र आहे नॉमिनाटिम. आपण पिन टाकला की ते त्या पिनच्या सगळ्या नोंदी गोळा करून त्यांचा अंदाजे मध्यबिंदू काढतं.

आता पहिल्या वर्षाचं सेंट्रॉइड आठवा (मला माहीत आहे, कोणालाच आठवायचं नाहीये!). समजा एका पिनखाली दोनशे इमारतींच्या नोंदी आहेत. मग मध्यबिंदू ठीकठाक येईल. पण समजा दोनच नोंदी आहेत आणि त्यातली एक वीस किलोमीटर लांब चुकीच्या जागी पडली आहे. मग सरासरी येणार बरोबर मधे, कोणाच्या तरी उसाच्या फडात! गणित अगदी बरोबर आणि उत्तर पूर्ण चूक. आणि एकही नोंद नसली तर? मग ॲप सरळ सांगतं, सापडलं नाही. आपण म्हणतो, 'काय भंगार ॲप आहे!' आणि डिलीट करतो.

हे सगळं मी हौसेने सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला रात्री दम्याचा अटॅक आला. रेक्टर मॅडमनी ॲम्ब्युलन्स बोलावली. पत्ता सांगितला, पिनही सांगितला. गाडी आली, पण गावातल्या पोस्टासमोर. ड्रायव्हरकाका फोनवर विचारत होते, 'ताई, मी पोचलोय, तुम्ही कुठे आहात?' शेवटी वॉचमनकाका बाईकवर गेले आणि गाडीच्या पुढे राहून तिला मागच्या गेटपर्यंत घेऊन आले. ती मुलगी आज ठणठणीत आहे, देवाची कृपा. पण ती वीस मिनिटं आमच्या मजल्यावरचं कोणीही विसरणार नाही. ड्रायव्हरकाकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना 'पो.' सांगितलं, ते 'पो.'ला पोचले.

आता कोणी म्हणेल, परदेशात बघा, तिकडे पोस्टकोड टाकला की गाडी दारात! खरं आहे. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडमध्ये सरासरी पंधराएक पत्ते असतात, म्हणजे गल्लीचा एक तुकडा. पण तिथली गोष्ट पुढे ऐका. तो पोस्टकोड नकाशावर कुठे पडतो ही माहिती कित्येक वर्षं लोकांना फुकट मिळत नव्हती. ती विकत घ्यावी लागायची. २००६ मध्ये गार्डियन या वर्तमानपत्राने सरकारी माहिती खुली करा अशी मोहीम उघडली. ओपनस्ट्रीटमॅपच्या मंडळींनी तर दुसराच मार्ग धरला. लोक जीपीएस घेऊन आपल्या दारात उभे राहिले, आपला पोस्टकोड आणि आपले अक्षांश-रेखांश असं एकेक करून नोंदवू लागले. २००९ मध्ये दोघा तरुणांनी पोस्टकोडची माहिती फुकट देणारी एक सेवा चालवली होती. तिला रॉयल मेलच्या वकिलांचं पत्र आलं आणि ती बंद पडली. पुढे एप्रिल २०१० मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेने ग्रेट ब्रिटनमधल्या पोस्टकोडचे बिंदू सर्वांसाठी खुले केले. उत्तर आयर्लंड त्यातही वगळलेलं होतं.

म्हणजे गंमत बघा. त्यांच्याकडे कोड बारीक होता, पण कुलुपात. आपल्याकडे पिनची यादी सरकारी खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळते, पण कोड जाडाभरडा. त्यांना कुलूप उघडायला भांडावं लागलं. आपल्याला भांडायचंसुद्धा नाही, फक्त भरायचं आहे. तरी आपण भरत नाही!

'आता डिजिपिन आलाय की!' असं आमच्या वर्गातला एक हुशार मित्र म्हणाला. बरोबर आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने तो तयार झाला. कल्पना मस्त आहे. भारतावर ३६ अंश बाजूचा एक मोठा चौकोन मांडायचा. त्याचे चार गुणिले चार असे सोळा तुकडे करायचे, त्यातल्या आपल्या तुकड्याचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. शेवटी सुमारे चार मीटर बाजूची चौकट उरते आणि दहा अक्षरांचा कोड मिळतो. हिशोब करून बघा, ३६ भागिले चारचा दहावा घात. येतं उत्तर!

म्हणजे मुक्कामाचा प्रश्न सुटला? अर्धा सुटला. डिजिपिन सांगतो की जागा कुठे आहे. तिथे जायचा रस्ता कुठून, तो पावसाळ्यात चालू असतो का, पुढचं गेट रात्री दहाला बंद होऊन मागचं उघडं राहतं का, हे तो सांगत नाही. ते त्याचं कामच नाही. ते नकाशाचं काम. आणि घाबरलेल्या माणसाला फोनवर दहा अक्षरांचा कोड सांगता येईल का? तो 'देवळामागची वाडी' असंच म्हणणार. ते नाव नकाशात हवं, मराठीत हवं.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. गूगल मॅप्स असताना ही उठाठेव कशाला? माझं म्हणणं असं की वापरा ना, मीसुद्धा वापरते. पण तिथे आपण दिलेली दुरुस्ती त्यांच्या गोदामात जमा होते. अख्खा नकाशा उतरवून घेऊन आपल्याला हवं ते त्यातून बनवता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती कोणीही घ्यावी. अट एवढीच, की तिचं नाव सांगा आणि त्यात भर घातलीत तर तीही खुली ठेवा. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी उपग्रहाची चित्रं बघून काही दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा नकाशा उभा केला आणि मदत पथकांनी तो वापरला. आपल्या देशातही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांबाबतचे नियम बरेच सैल झाले. आता सबब काय उरली?

आपण इंजिनिअरिंगवाले. फायनल इयरच्या प्रोजेक्टला 'स्मार्ट सिटी' असं नाव देतो आणि आपल्याच हॉस्टेलचं मागचं गेट कुठल्याही खुल्या नकाशात नसतं. मला हे खटकतं. म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे.

प्रत्येक हॉस्टेलने आपली इमारत, मेस, दवाखाना आणि सगळी गेट्स नकाशावर नोंदवावीत. नाव मराठीत आणि इंग्रजीत, सोबत पिन कोड. कोणतं गेट कधी उघडं असतं तेही लिहावं. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप तर जागेवर उभं राहिलं की रस्ता डांबरी की कच्चा असले साधे प्रश्न विचारतं, उत्तर दिलं की नोंद झाली. नियम तीनच. जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून कॉपी मारायची नाही (सबमिशन नाहीये ते!). आणि कोणाचं नाव, फोन, खोली नंबर अजिबात टाकायचा नाही, विशेषतः मुलींच्या हॉस्टेलचा. आणि सुट्टीत गावी गेलात की आपली वाडी, तिची शाळा, उपकेंद्र आणि पिन तेवढा टाकून या. शिपाईमामा, मेसच्या मावशी, वॉचमनकाका यांना सोबत घ्या. या परिसराची खडान्‌खडा माहिती त्यांना आहे, आपल्याला नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता, नाश्त्याच्या आधी, आम्ही चौघीजणी मागच्या गेटपासून सुरुवात करतोय. मोबाईल चार्ज करून या. पोह्यांच्या रांगेत नंतर सगळे मिळून उभे राहू!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी