टेकडीवरची सायकल

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमरावतीला आमच्या वस्तीच्या मागे मुरमाची एक टेकडी आहे. सुट्ट्या लागल्या की वस्तीतली पोरं सायकली ढकलत वर नेतात आणि सरळ खाली सोडतात. एके संध्याकाळी आम्ही कचेरीतून घरी येत होतो. सातवीतला एक मुलगा उतारावरून सुसाट आला, पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळीत पुढचे चाक अडकले आणि तो हँडलवरून पलीकडे जाऊन पडला. आम्ही धावलो. हात मनगटापाशी वाकडा झालेला. सायकल उचलून पाहिली तर मागचा ब्रेक नाहीच, पुढच्या ब्रेकचे गुटके झिजून पार गुळगुळीत झालेले.

"काऊन रे, ब्रेक कुठी हाय?" आम्ही विचारले.

तो रडता रडता म्हणाला, "चपलीनं थांबते ना काका!"

त्याचे वडील हमालीवर जातात. प्लास्टरचा खर्च आणि दवाखान्याच्या चकरांत बुडालेली मजुरी यांनी त्या घराचा महिना कोलमडला. रात्री वस्तीची बैठक झाली आणि एकमताने ठराव झाला की, यापुढे कोणत्याही मुलाने टेकडीवर सायकल नेऊ नये. ठरावाची वही आमच्याकडे असते. तो ठराव आम्हीच लिहिला. वाचकहो, तो ठराव चुकला असे आज आम्हाला वाटते. का वाटते, तेच सांगायचे आहे.

आमची पोरं जे करत होती त्याला जगात माउंटन बायकिंग म्हणतात. हा श्रीमंतांचा, लाखाच्या सायकलींचा खेळ अशी आमचीही समजूत होती. त्याचा जन्म मात्र भंगारातल्या सायकलींवर झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन भागातली काही तरुण मंडळी १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जड सायकली घेऊन डोंगर उतरत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटर अंतरात ४०० मीटरांचा उतार होता. पेडल उलटे फिरवले की लागणारा एकच ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. दर खेपेला हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून त्या रस्त्याचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे १९७७ साली त्यांच्यातल्याच जो ब्रीझ या तरुणाने खास डोंगरासाठी सायकलचा सांगाडा तयार केला. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. चपलीने सायकल थांबवणारा आमचा मुलगा आणि धुराच्या ब्रेकवर उतरणारे ते तरुण यांच्यात आम्हाला फार अंतर दिसत नाही. अंतर पडले ते पुढे. त्यांच्यासाठी वाटा तयार झाल्या, आमच्या पोरांसाठी बंदीचा ठराव झाला.

आता इंग्लंडमधल्या एका गावाकडे चला. बर्मिंगहॅमच्या उत्तरेला कॅनॉक नावाचे गाव आहे. हा कोळसा खाणींचा, मजुरांचा मुलूख. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इथल्या उरलेल्या खोल खाणीही बंद झाल्या. गावाला लागून कॅनॉक चेस हे रान आहे. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला, म्हणून १९१९ साली तिथल्या सरकारने वनीकरणाचे खाते उभे केले आणि या माळावर पाइनची झाडे लावली. आज त्याच झाडांतून सायकलीच्या वाटा गेल्या आहेत. एका वाटेचे नाव 'फॉलो द डॉग', म्हणजे कुत्र्याच्या मागे चला! दुसरीचे 'मंकी ट्रेल', माकडवाट. या वाटा सांभाळण्यासाठी 'चेस ट्रेल्स' नावाचे स्वयंसेवकांचे मंडळ फावडी घेऊन राबत आले आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली माउंटन बायकिंगची शर्यत याच रानात झाली. त्याच स्पर्धेत भारताच्या सायकल संघात आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या. त्यांची शर्यत लंडनच्या बंदिस्त धावपट्टीवर होती, पण विदर्भातल्या मुली सायकलवर कुठवर जाऊ शकतात ते त्यांनी दाखवले आहे.

कॅनॉकची एक पद्धत आम्हाला विशेष आवडली. तिथे वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी वाट सर्वांत सोपी, मग निळी, त्यानंतर लाल आणि सर्वांत कठीण ती काळी. लहान मूल हिरवीवर शिकते, तोल आणि ब्रेक जमले की निळीवर जाते. आमच्या टेकडीवर दहा वर्षांचे पोर पहिल्याच दिवशी काळ्या वाटेवर उतरत होते, आणि ती काळी आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे रान आहे, पैसा आहे, आपल्याकडे काय आहे? त्याला पॅरिसचे उदाहरण देतो. २०२४ च्या ऑलिम्पिकमधली ही शर्यत एलाँकूर नावाच्या टेकडीवर झाली. ती जागा म्हणजे दगडाची जुनी खाण. पुढे तिथे बांधकामाचा राडारोडा टाकत गेले आणि त्याचीच टेकडी झाली. त्या टेकडीवर इंग्लंडच्या टॉम पिडकॉकने शर्यतीत चाक पंक्चर होऊनही मागून येऊन सुवर्णपदक मिळवले. अमरावती असो की अकोला, जुन्या खदानी आणि मलब्याचे ढीग आपल्या वस्त्यांना नवे नाहीत.

आपल्या भागात डोंगराची सायकल म्हटली की चिखलदरा आठवतो. परतवाड्याहून वर जाणारा घाट चढायला सायकलस्वार पहाटे निघतात. पण चिखलदरा झाला की नरनाळा, आणि मग मेळघाटच्या आत, असे कोणी मनात आणू नये. मेळघाट हा १९७३-७४ पासून वाघांचा राखीव प्रदेश आहे. तिथे परवानगीवाचून पायीसुद्धा जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कॅनॉक चेसही निसर्गासाठी राखलेला भाग आहे. तिथे कोणीही उठून वाट खणावी असे चालत नाही, ठरलेल्या वाटेवरच चाक घालावे लागते. आपल्या मुलांना वाघाच्या घरात जायचेच नाही. त्यांना हवी आहे घरामागची टेकडी, आईची हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

वाट करायची म्हणजे काय करायचे? पहिली गोष्ट, ती टेकडीवरून सरळ खाली सोडायची नाही. सरळ वाटेवरून पाणीही सरळच धावते आणि घळ पाडते. आमच्या मुलाचा हात मोडला तो अशाच घळीत. वाट टेकडीच्या अंगाने आडवी, वळणे घेत न्यायची. साधारण दहा फूट चालल्यावर एक फूट उतरावी, एवढाच उतार. वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची, म्हणजे पावसाचे पाणी वाटेवर न थांबता बाजूला निघून जाते. वळणावर बाहेरच्या अंगाला मुरमाचा बांध घालून ठोकून घट्ट करायचा, म्हणजे चाक घसरत नाही. खाली शेवटी मोकळी सपाट जागा हवी, रस्ता मुळीच नको. याला टिकास, फावडे, घमेले आणि धुम्मस लागते. आपल्यात ज्यांनी रस्त्यावर, बांधकामावर हयात घालवली त्यांना हे इंजिनिअरपेक्षा जास्त कळते.

आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. काळी माती. पावसात ती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते. म्हणून वाट मुरमाच्या जागीच करावी आणि मोठ्या पावसात चार दिवस बंद ठेवावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तेव्हा सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच सायकल.

आईवडिलांनो, नवी सायकल घेण्याची गरज नाही. ब्रेकचे गुटके बदलायला फार खर्च येत नाही. दोन्ही ब्रेक लागतात का, हँडल घट्ट आहे का, टायरमध्ये हवा आहे का, एवढे दर रविवारी पाहा. डोक्याला हेल्मेट आणि पायात बूट असल्याशिवाय टेकडीवर सोडू नका. हेल्मेट चार घरांनी मिळून एक घेतले तरी चालेल, आळीपाळीने घालावे.

आणखी एक. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या कितीतरी मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. शाळा सुटली की ती सायकल अंगणात उभी राहते, नाहीतर भाऊ घेऊन फिरतो. टेकडीवर आम्ही मुलगी कधी पाहिली नाही. हिरवी वाट झाली की पहिल्या दिवशी ती मुलींसाठी ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

जागा कोणाची आहे याची चौकशी आम्ही स्वतः केली. त्यासाठी दोन कचेऱ्यांत मिळून सहा चकरा झाल्या, अजून कागद हातात नाही. कारकुनाला दुसऱ्या कारकुनाची भाषा कळते, म्हणून धीर सोडलेला नाही. लेखी परवानगी येईपर्यंत टेकडीला फावडे लावायचे नाही. पण वस्तीच्या येत्या बैठकीत जुना ठराव रद्द करण्याचा विषय आम्ही मांडणार आहोत. मुले बंदी पाळतच नव्हती. आम्ही कचेरीत गेलो की ती टेकडीवर जात, एवढाच फरक पडला होता. चोरून जाणारे मूल पडले तर घरी सांगतही नाही.

त्या मुलाचे प्लास्टर कधीच निघाले आहे. परवा तो आमच्याकडे आला. नव्या वाटेचे आम्ही कागदावर काढलेले चित्र त्याने बराच वेळ पाहिले, आणि एका वळणावर बोट ठेवून म्हणाला, "काका, इथी बांध उंच पाहिजे, नाहीतर पोट्टे बाहीर फेकल्या जातीन."

त्याचे म्हणणे बरोबर होते. आम्ही चित्र दुरुस्त केले.