फोटो दिसला, दावा दिसला नाही

‘फोटो काढून कुणाचं पोट भरलंय?’ हवामानबदल, दुष्काळ, विस्थापन यांवर काम करणाऱ्या छायाचित्रकाराला हा सवाल हमखास ऐकावा लागतो. विचारणारे दोन गोटांतले. पहिल्यांचं म्हणणं, लोक आता कोडगे झालेत. भेगाळलेलं रान आणि कपाळाला हात लावलेला शेतकरी पाहतात आणि बोटाने पुढे सरकवतात. दुसरे जरा जास्त शिकलेले. त्यांच्या मते हा गरिबीचा बाजार आहे.

पहिल्यांना उत्तर द्यायला लांब जायला नको. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च सुरुवातीला मुंबईच्या खिजगणतीतही नव्हता. मग फोटो येऊ लागले. फुटलेल्या टाचा, सोललेले तळवे, भेगांत बसलेली डांबरी रस्त्याची काळी धूळ. सुमारे १८० किलोमीटरची ती चाल होती. मोर्चा मुंबईत शिरला तेव्हा लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्याकडेला उभे होते. दहावीच्या मुलांची परीक्षा अडायला नको म्हणून मोर्चेकरी रातोरात आझाद मैदानात पोचले आणि १२ तारखेला सरकारने मागण्या मान्य केल्याचं लिहून दिलं. हे फोटोंनी घडवलं म्हणणं हा पाड्यापाड्यावर संघटना बांधणाऱ्यांचा अपमान होईल. पण कोडग्या शहराला चपला घेऊन घराबाहेर काढलं कुणी? अग्रलेखांनी तर नक्कीच नाही.

दुसऱ्या आक्षेपात दम आहे, नेम मात्र चुकलाय. दुःख दाखवल्याने बाजार होत नाही. दुःखाचं कारण चौकटीबाहेर राहिलं की होतो. मोर्चेकरी फोड दाखवायला आले नव्हते. सुरगाणा, पेठच्या डोंगरउतारावर बापजाद्यांपासून कसलेली जमीन २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे त्यांना नावावर हवी होती. गारपीट आणि बोंडअळीची भरपाई हवी होती. नार-पारचं पाणी गुजरातेत वळवायला विरोध होता. सातबारा नसला की पीककर्ज अडतं आणि गारपिटीनंतर भरपाईच्या यादीत नाव लागणंही मुश्कील. आभाळ सगळ्यांवर सारखंच फिरतं. त्यानंतर कोण उभा राहील आणि कोण बसेल हे तलाठ्याच्या दप्तरात ठरतं. तळव्यांच्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. शहराने चपला दिल्या, कारण फोटोने चपलाच मागितल्या होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला, मार्च २०२३ मध्ये आणखी एकदा, आणि वनपट्टे मागण्यांच्या यादीत होतेच.

म्हणून फोटो काढूच नयेत? चिक्कार काढावेत, पण पुरावा गोळा करतोय अशा हिशेबाने. अमेरिकेत लुईस हाइन १९०८ पासून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या-खाणींतल्या पोरांचे फोटो काढत होता. कोटाच्या कितव्या गुंडीपर्यंत पोर पोचतं यावरून तो उंची ताडायचा, खिशात लपवलेल्या कागदावर वय आणि काम टिपून घ्यायचा. त्याच्या फोटोखालच्या ओळी मालकांना फोटोइतक्याच झोंबल्या असणार. तरी १९१६ चा कायदा न्यायालयाने दोन वर्षांत रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं.

आपल्याकडे तर वनहक्काच्या नियमांनी उपग्रहाने टिपलेली प्रतिमा पुरावा म्हणून मान्य केली आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात होती हे दाखवायचं असतं. बांध, सपाट केलेलं रान, झोपडी या खुणाही चालतात. म्हणजे ज्या चित्रात एकही चेहरा नाही आणि जे पाहून कुणी चुकचुकत नाही, त्याला दाव्याच्या फायलीत वजन आहे. छायाचित्रकाराने मोर्चाबरोबर महामार्गावर चालावंच. नंतर तो उतारही चढावा. दगडी बांध, तो रचणारी बाई, तिचं नाव, पाडा, दावा कधीपासून पडून आहे ते साल, हे सगळं एका फोटोत आणि त्याखालच्या दोन ओळींत मावतं. संपादकांनी त्या ओळी जागेअभावी कापू नयेत एवढंच.

नाव-चेहरा छापला तर तिला त्रास होईल, अशी शंका काढली जाते. कधीकधी ती खरी असते. तिला विचारावं, नको म्हणाली तर कॅमेरा बंद. पण न विचारताच तिला तळव्यांपुरती छापायची आणि त्याला तिची प्रतिष्ठा राखणं म्हणायचं, हे पटत नाही. १२ मार्चला मागण्या मान्य करणारे मंत्री मात्र सगळ्या पेपरांत नावानिशी, चेहऱ्यानिशी होते.