एक पाऊल, अनेक वर्ण

पायाच्या अंगठ्यावर सारा देह तोलून करावयाचें ‘बॅले’ हें युरोपीय नृत्य गोऱ्या अंगासच शोभतें, असा समज अमेरिकेंत फार दिवस होता. न्यूयॉर्कच्या ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ या नृत्यमंडळीनें तो खोटा ठरविला. आर्थर मिचेल या कृष्णवर्णी नर्तकानें, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा १९६८ सालीं खून झाल्यावर, आपल्या हार्लेम वस्तींतील मुलांकरितां आपले गोरे गुरु कारेल शूक यांच्यासह १९६९ सालीं ती स्थापिली.

तिच्या मिश्र कार्यक्रमांत एकाच सायंकाळीं भिन्न जातींचीं नृत्यें एकापुढें एक येतात. तिच्या संग्रहांत बाखच्या संगीतावर बसविलेलें बॅलन्शीनचें ‘कंचेर्तो बारोक्को’ आहे. तसेंच जेफ्री होल्डरचें ‘डग्ला’ही आहे, ज्यांत त्रिनिदाद बेटावरील हिंदी व आफ्रिकी अशा मिश्र रक्ताच्या लोकांचा विवाहसोहळा दाखविला आहे. कोणी यास खिचडी म्हणतील. आम्ही म्हणणार नाहीं. दोहोंस लागणारी पायाची तालीम सारखीच कठोर.

परंतु आमचें मन गुंतलें तें एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत. बॅलेंत नर्तकींनीं गुलाबी मोजे व गुलाबी जोडे घालावेत, असा जुना परिपाठ. गोऱ्या अंगावर त्यानें पायाची रेषा अखंड दिसते. सांवळ्या अंगावर ती कमरेशींच तुटते. म्हणून हार्लेमच्या नर्तकी मोजे व जोडे आपापल्या कांतीप्रमाणें रंगवून घेतात. रांगेंत दहा छटा, आणि पाऊल एक! रांगेची एकी रंगांत नसून ठेक्यांत आहे, हें पाहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

आणि आम्ही काय करतों? एका वर्षीं संमेलनाच्या नाटकांत राजाचें भाषण सर्वांत उत्तम म्हणणाऱ्या इयत्ता आठवीच्या मुलास द्वारपाल केलें. ‘राजा इतका काळा कसा चालेल?’ असें एक जण म्हणाले. सांवळ्या विठोबाच्या या मुलखांत हा प्रश्न कोणास विचित्र वाटला नाहीं. आम्हीही त्या बैठकींत होतों व गप्प बसलों. पुढें त्या मुलानें द्वारपाल होण्यापूर्वीं, कोणी न सांगतां, स्वतःच तोंडास पांढरी पूड फांसली, हें आम्हीं पडद्यामागून पाहिलें.

यंदाच्या नाटकाची निवड पुढील शनिवारीं आहे. मुलांचें भाषण आम्हीं पडद्याआडून ऐकणार आहों. सामानाच्या यादींतून पुडीची डबी खोडली आहे. सहकारी नाराज आहेत.